उकिरड्याचा हिशेब

(जालना जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



कापसाचा भाव, पीकविमा, विजेचे बिल या विषयांवर पुढचे वक्ते बोलणार आहेत. आमच्या वाट्याला उकिरडा आला आहे. मागे बसलेली मंडळी हसताहेत, हसू द्या. दिवाळीत आपल्या मायबहिणी उकिरड्यावर पणती लावतात, तेव्हा कोणी हसत नाही. घरात लक्ष्मी कुठून येते हे त्यांना ठाऊक आहे. आम्ही चार वर्षे कृषी महाविद्यालयात शिकलो, पदवी घेतली, आणि हे समजायला आम्हाला पुढची वीस वर्षे लागली.

गेल्या मृगात घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव घेत नाही, कारण दोघेही आपलेच कार्यकर्ते आहेत. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने मोसंबीसाठी दोन ट्रक कोंबडीखत आणले आणि रस्ता बरा म्हणून नाल्याच्या काठावर ओतून ठेवले. चार दिवसांत विस्कटू, असा विचार. तिसऱ्या दिवशी धो धो पाऊस झाला. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याचे शेततळे त्याच नाल्यावर भरते. पंधरा-वीस दिवसांत तळ्याचे पाणी हिरवेगार झाले. वर साय धरली, वास सुटला, ठिबकचे तोंड बंद पडले, बैल पाण्याला तोंड लावीनात. खालचा म्हणाला, "दादा, तुमचं खत माझ्या तळ्यात आलं." वरचा म्हणाला, "पाऊस काय मी पाडला?" गोष्ट पोलीस पाटलापर्यंत गेली आणि मग दोघांनी आम्हाला बोलावले.

खरे सांगायचे तर तळ्याकाठी उभे राहून आम्हालाही लगेच उत्तर सुचले नाही. पण एक गोष्ट डोळ्यासमोर होती. ज्या खतासाठी आपण दुकानापुढे रांग लावतो, तेच खत त्या तळ्यात पडले होते आणि त्यावर शेवाळाचे पीक तरारून आले होते. आपल्या पैशाचे आपल्याच पाण्यात विष झाले होते. त्या दिवसापासून आम्ही हा हिशेब मांडायला बसलो. तो आज तुमच्यापुढे ठेवतो. चुकत असेल तर दुरुस्त करा.

स्फुरद म्हणजे काय, आणि येते कुठून

पिकाला नत्र, स्फुरद, पालाश लागतात, हे आता शाळेतले पोरही सांगते. नत्राने पाला वाढतो. स्फुरदाने मुळी धरते, फूल लागते, दाणा भरतो. नत्र हवेत आहे. तूर, मूग, उडीद, हरभरा यांच्या मुळांवरच्या गाठी ते हवेतून ओढतात. स्फुरद मात्र हवेत नाही. ते खडकातून खणावे लागते. जगातल्या साठ्याचा सुमारे सत्तर टक्के भाग एकट्या मोरोक्को देशाच्या ताब्यात आहे. आपल्याकडे राजस्थानात उदयपूरजवळ झामरकोटड्याची खाण आहे, पण ती देशाला पुरत नाही. म्हणून डीएपी तयार बाहेरून येते, नाही तर त्याचा कच्चा माल बाहेरून येतो.

याचा अर्थ तुम्ही भोगलेला आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश खतांचे भाव मोकळे झाले, तेव्हा डीएपी एकदम किती चढले ते जुन्या माणसांना आठवत असेल. चीनने निर्यातीचा हात आखडला आणि २०२४ च्या रब्बीत व २०२५ च्या खरिपात डीएपीचा तुटवडा झाला. बॅगेवर १३५० रुपये छापलेले, पण दुकानात गेले की "सोबत ही बाटली घ्या, मग बॅग मिळेल." लिंकिंगचा हा धंदा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्याविरुद्ध लढायचे आहेच. पण लढणाऱ्याने आधी घरातली गळती पाहावी.

डीएपीच्या ५० किलोच्या बॅगेत २३ किलो स्फुरद असते. शेणखतात किती? चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का आणि स्फुरद ०.२ टक्का. म्हणजे टनामागे दोन किलो. बैलगाडीत अर्धा टन खत धरले तर गाडीमागे एक किलो. शेळ्यामेंढ्यांच्या लेंडीखतात टक्काभर, म्हणजे टनाला दहा किलो. आणि वाळलेल्या कोंबडीखतात सुमारे २.६ टक्के, म्हणजे टनाला २६ किलो. एक टन कोंबडीखत म्हणजे डीएपीच्या बॅगेपेक्षा जास्त स्फुरद. हा फरक डोक्यात पक्का ठेवा. खत म्हणजे खत, असे म्हणून चालत नाही.

आपल्याकडे आहे कमी, तरी वाहून जाते

पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी घ्या. दोन बैल, एक गाय. गोवऱ्या थापून, सांडून-लवंडून वर्षाला पाच टन शेणखत हाती लागले तर नशीब. त्यात स्फुरद दहा किलो. एकरी दोन किलो. कोरडवाहू कापसाची शिफारस आहे हेक्टरी ६० किलो, म्हणजे एकरी २४. कोरडवाहू रब्बी ज्वारीची हेक्टरी २०, म्हणजे एकरी आठ. कुठे चोवीस, कुठे आठ, आणि कुठे दोन! आता घरोघरी बैल उरले नाहीत, ट्रॅक्टर आले. मग दोनचाही एक झाला.

त्यात आपली काळी जमीन चुनखडीची. टाकलेले स्फुरद चुन्याशी सांधा जुळवते आणि गप्प बसते. घातलेल्या स्फुरदापैकी पहिल्या पिकाला पंधरा-वीस टक्के मिळाले तरी खूप. बाकीचे मातीच्या कणाला चिकटून राहते. ते पाण्याबरोबर सहज खोल झिरपत नाही आणि हवेत उडून जात नाही. माती जाईल तेव्हाच ते जाते. किंवा खत मातीवर उघडे पडलेले असताना पाऊस आला, तर पाण्याबरोबर जाते. जाण्याचे मुख्य रस्ते हे दोनच. म्हणून ते रोखायचे उपायही फार अवघड नाहीत.

मातीचा रस्ता आधी पाहू. एका एकरातून फक्त एक मिलिमीटर माती धुपली, नखाच्या जाडीएवढी, तर ती पाच टनांच्या घरात भरते. आपल्या जमिनीत किलोमागे चारशे मिलिग्रॅम मूळ स्फुरद धरले, तर बॅगेवरच्या मापाने जवळजवळ पाच किलो स्फुरद त्या मातीबरोबर गेले. डीएपीच्या बॅगेचा पाचवा हिस्सा. ते सगळे पिकाला लगेच मिळणारे नव्हते, हे कबूल. पण ती आपली ठेव होती. आणि पाणी आधी बारीक कण नेते. स्फुरद बारीक कणालाच जास्त चिकटलेले असते. दाणे पाण्याने न्यायचे आणि आपण भुसा राखत बसायचे, असा हा व्यवहार आहे. पाच गाड्या शेणखत घालून जे एकरात आणले, ते एका वळवाने नाल्यात घातले.

तेच पाण्यात गेल्यावर

आता कोणी म्हणेल, स्फुरद पाण्यात गेले तर आपले नुकसान झाले, पण पाणी त्याने कसे बिघडते? १९७३ साली कॅनडात शिंडलर नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. एका तलावाला मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात साखरेसारखा कर्ब आणि नत्र घातले. दुसऱ्या भागात कर्ब, नत्र आणि वर स्फुरद घातले. पहिला भाग जसाच्या तसा राहिला. दुसरा हिरवागार झाला. नत्र कमी पडले तर निळे-हिरवे शेवाळ ते हवेतून घेते. स्फुरद हवेतून घेता येत नाही. म्हणून गोड्या पाण्यात शेवाळाची किल्ली बहुतेक वेळा स्फुरदाच्या हाती असते.

किती स्फुरद लागते? लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास गेले की पाणी हिरवे व्हायला लागू शकते. आपले तीस बाय तीस बाय तीन मीटरचे शेततळे घ्या. त्यात सुमारे वीस लाख लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्याला ०.०३ च्या हिशेबाने मूळ स्फुरद लागते फक्त ६० ग्रॅम. बॅगेवरच्या मापाने १४० ग्रॅम. ते शेणखतात भरते ७० किलोत, म्हणजे चार-पाच पाट्यांत. कोंबडीखतात भरते पाच-सहा किलोत! तळ्यात गेलेले सगळेच शेवाळाच्या तोंडी लागत नाही, काही गाळात बसते. दुप्पट धरा, पाचपट धरा. तरी हिशेब पाट्यांचाच राहतो, गाड्यांचा होत नाही. शेताला जे चिमूटभर, ते पाण्याला पोटफुटी होईल एवढे.

हिरवे पाणी दिसायला वाईट एवढेच नाही. निळसर हिरवी, रंग सांडल्यासारखी साय पाण्यावर आली आणि कुजका वास सुटला, तर त्यातल्या काही शेवाळांत विष असते. जनावर दगावू शकते. पाणी उकळून हे विष जात नाही. काही जण तळ्यात मोरचूद टाकतात. शेवाळ मरते, पण मरताना पोटातले विष पाण्यात सोडते. स्फुरद तळ्यातच राहते, पुन्हा नवे शेवाळ येते. असे पाणी दिसले तर जनावरांना दुसरीकडे पाजा, लेकरांना त्यात उतरू देऊ नका.

अमेरिकेत टोलिडो नावाचे शहर आहे, इरी सरोवराच्या काठी. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथल्या चार-पाच लाख लोकांना सरकारने सांगितले, नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका. दोन-तीन दिवस बाटल्यांसाठी रांगा लागल्या. कारण सरोवरातले शेवाळ, आणि त्याला पोसणारे मोठे कारण वरच्या शेतांतून आलेले खताचे आणि जनावरांच्या विष्ठेचे स्फुरद. हॉलंडमध्ये तर गाई-डुकरे एवढी झाली की शेण ठेवायला जमीन पुरेना. २०१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना हजारो गाई कमी कराव्या लागल्या, आणि २०१८ पासून किती स्फुरदाचे शेण काढायचे याचा परवाना दुधाच्या धंद्याला लागला. जे शेतकरी वेळेवर आपला हिशेब आपण ठेवत नाहीत, त्यांचा हिशेब पुढे सरकार ठेवते. हे आम्ही भीती घालायला सांगत नाही. आपल्यावर ती पाळी येऊ नये म्हणून सांगतो.

मग आपण गुन्हेगार का?

इथे एक गोष्ट स्वच्छ बोलली पाहिजे. उद्या शहरातला कोणी उठेल आणि म्हणेल, नद्या शेतकऱ्यांनी नासवल्या. त्याला सांगा, इंद्रायणी, पवना, उजनी इथे जलपर्णीचा गालिचा पसरतो तो कोरडवाहू ज्वारीच्या शेणखताने पसरत नाही. शहरांचे सांडपाणी, साबण, कारखान्यांचे पाणी आधी पाहा. आपल्या जालना शहरातून कुंडलिका वाहते, ती पुढे दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. शहराखाली जाऊन ते पाणी ओंजळीत घेऊन बघा, म्हणजे कोणाचा वाटा किती ते कळेल. ज्याच्या शेतात एकरी दोन किलो स्फुरद पडते, त्याला प्रदूषण करणारा म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला अजीर्णाचे औषध देणे आहे.

पण भावांनो, शहराच्या पापाने आपल्या विहिरीचे पाणी शुद्ध होत नाही. आपल्या जिल्ह्यात स्फुरद सगळीकडे कमी नाही. ते तीन ठिकाणी गोळा झाले आहे.

पहिले ठिकाण गावाजवळ. आपल्या वाडवडिलांनी गावाला पांढरी म्हटले आणि शेताला काळी म्हटले. शेकडो वर्षे काळीतला दाणा, कडबा, सरपण पांढरीत आले, आणि शेण, राख, उष्टे-खरकटे तिथेच साचले. भोकरदनसारख्या जुन्या वस्तीला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. जुनी वस्ती कुठे होती हे शोधायला मातीतले स्फुरद तपासण्याची रीतही आहे. जुन्या पांढरीची माती गाड्या भरून शेतात नेणारे आपले आजे काही अडाणी नव्हते. आजही गावालगतच्या पट्टीला दर वर्षी खत मिळते आणि दोन कोस लांबच्या शेताला दहा-दहा वर्षे मिळत नाही. जवळची पट्टी तुपात, लांबची उपाशी.

दुसरे ठिकाण उकिरडा आणि गोठा. उकिरडा विहिरीच्या किंवा नाल्याच्या काठी, उघडा, वर पाऊस. त्यातून चहासारखे तपकिरी पाणी वाहते. तो रंग म्हणजे तुमचे खत. नाल्यात स्फुरद जाते, आणि विहिरीत नायट्रेट व रोगजंतू उतरतात. तान्ह्या लेकराला ते पाणी पाजले तर काय होईल ते सांगायला नको.

तिसरे ठिकाण बागा. मोसंबीला, द्राक्षाला बाहेरून कोंबडीखत येते. एकरी दोन टन घातले तर स्फुरद पडले ५२ किलो. पीक नत्र जेवढे उचलते त्याच्या अडीच-तीन हिस्से कमी स्फुरद उचलते. कोंबडीखतात दोन्ही जवळजवळ बरोबरीने असतात. नत्राच्या हिशेबाने ते दर वर्षी घालत गेलात, की स्फुरद दर वर्षी शिल्लक पडत जाते. मग शिल्लक स्फुरद जस्ताला आणि लोहाला आडवे येते. पाने पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात, आणि आपण दुकानातून आणखी एक बाटली आणतो. आधी जास्त खायला घातले म्हणून पैसे, मग अजीर्ण झाले म्हणून पैसे.

म्हणजे आपल्या जिल्ह्याचे दुखणे फार स्फुरद हे नाही, वाटणी चुकली हे आहे.

करायचे काय

आम्ही सहा कामे सांगतो. एकालाही कर्ज लागत नाही.

एक. उकिरडा विहिरीपासून आणि नाल्यापासून लांब, उंचवट्यावर न्या. त्याला खड्डा करा, चारही बाजूंनी हातभर उंच पाळ घाला, म्हणजे बाहेरचे पाणी आत येणार नाही आणि आतले बाहेर जाणार नाही. पावसाळ्यात वरून पऱ्हाट्या, कडबा, माती यांचे झाकण द्या. एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, "लेकरा, आमच्या सासूबाई उकिरड्याला पाळ घालायच्या, तवा आमाला वाटायचं म्हातारीला काम नाही." त्या म्हातारीला आमच्या पदवीपेक्षा जास्त कळत होते. ज्यांना जमेल त्यांनी नाडेपचे टाके बांधावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी दिलेली ही पद्धत, थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवणारी. आणि कापूसवाल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकात मांडली, तीही कापसाच्याच संशोधनाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत. पऱ्हाटी बांधावर जाळू नका.

दोन. खत शेतात ढीग घालून ठेवू नका. चैत्र-वैशाखात गाड्या टाकतो, ढीग तसेच राहतात, आणि वळीव येतो. ढिगाखालची जागा जळते, बाकीचे शेत कोरडे, उरलेले नाल्यात. ज्या दिवशी विस्कटाल त्याच दिवशी वखर घाला. मातीत मिसळलेले खत वाहत नाही. कोंबडीखत तर रात्रभरही उघडे ठेवू नका, आणि नाल्याच्या काठी तर मुळीच नको.

तीन. खत लांबच्या शेताला द्या. गाडी जात नसेल तर मेंढरे बसवा. धनगराचा कळप रात्रभर शेतात बसला, की लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडते, वाहतुकीचा खर्च नाही. मेंढपाळाला धान्य द्यायची रीत आपल्याकडे होतीच. ती मोडू नका. सकाळी उठून तेवढी वखरपाळी द्या.

चार. माती तपासा. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका आली, पण पुष्कळांच्या घरी ती देवघराच्या फळीवर आहे. काढा आणि स्फुरदाच्या रकान्यात काय लिहिले ते वाचा. शंका असेल तर खरपुडीला किंवा बदनापूरला कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या. गावाजवळच्या पट्टीचा वेगळा, लांबच्या शेताचा वेगळा, बागेचा वेगळा. एकत्र मिसळलात तर उत्तर खोटे येईल. "कमी" लिहिले असेल तिथे शेणखताबरोबर स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्या आणि लागेल तेवढे डीएपी किंवा सुपर फॉस्फेट पेरून द्या, फेकू नका. "जास्त" लिहिले असेल तिथे दोन वर्षे स्फुरदाचा दाणाही घालू नका. जमिनीतली शिल्लक खाऊ द्या. त्या बॅगेचे पैसे वाचतील.

पाच. माती अडवा. पेरणी उताराला आडवी. धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठाने दोन-तीन हात रुंद गवताची पट्टी राखा, मारवेल असो की पवना. धुरा कोरून तास वाढवायचा मोह सोडा. गवत पाण्याचा वेग मोडते, गाळ तिथेच बसतो, जनावराला चाराही होतो. जालना तालुक्यातल्या कडवंचीने १९९० च्या दशकात पाणलोटाचे काम केले, चर खणले, बांध घातले. लोक म्हणतात तिथे पाणी अडले. आम्ही म्हणतो, पाण्याबरोबर स्फुरदही अडले.

सहा. गेलेले परत आणा. घाणेवाडीचा तलाव निजामाच्या काळात जालना शहराच्या पाण्यासाठी बांधला. २०१२-१३ च्या दुष्काळात तो कोरडा पडला, त्या सुमारास शहराच्या लोकांनी वर्गणी करून गाळ काढला आणि शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरने शेतात नेला. २०१७ मध्ये सरकारने "गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार" ही योजना आणली. तो गाळ म्हणजे परकी माती नाही. तो तुमच्या बापाच्या शेतातून वाहून गेलेला बारीक कण आहे, स्फुरदासकट. हलक्या, मुरमाड रानाला घाला. भारी काळ्या रानाला घालून निचरा बिघडवू नका. आणि धुऱ्यावर गवत नसेल तर आणलेला गाळ पुन्हा तलावात जाईल, हेही लक्षात असू द्या.

गोवऱ्यांबद्दल एक शब्द. गोवरी जाळली की नत्र धुरात गेले, पण स्फुरद आणि पालाश राखेत राहतात. चुलीची राख नाल्यावर फेकू नका, उकिरड्यात टाका. ज्यांच्याकडे गोबर गॅस आहे त्यांच्या मळीत सगळे स्फुरद शिल्लक असते. ती गटारात सोडणारा माणूस बॅग फाडून गटारात ओततो आहे.

त्या दोघांचे काय झाले

तुम्ही विचाराल, त्या दोघांचे भांडण मिटले का? आम्ही दोघांना तळ्याकाठी बसवले आणि हाच हिशेब मांडला. वरच्या शेतकऱ्याला विचारले, तुमच्या ढिगातले किती गेले असेल? ते म्हणाले, "चौथाई तरी गेलं असंल." दोन ट्रकांची चौथाई म्हणजे काही टन, आणि टनाला २६ किलो स्फुरद. मी तक्रार करतो म्हणून हा शेजारी रडतो आहे, असे त्यांना वाटत होते. हिशेब ऐकल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे मीच लुटलो गेलो की!" तिथे भांडण निम्मे संपले. उरलेले असे संपले, की उरलेला ढीग त्यांनी त्याच आठवड्यात मोसंबीच्या आळ्यांत मातीआड केला. खालच्याने तळ्याच्या तोंडाशी एक गाळ-खड्डा काढला आणि दोघांनी मिळून नाल्याच्या काठी गवत लावले. तळ्याचे हिरवे पाणी वाया गेले नाही. खालच्याने ते गाळून, पाटाने कापसाला दिले. स्फुरद शेवटी कापसालाच मिळाले, फक्त एक ठिबकचा संच आणि महिनाभराची झोप खर्ची पडली. दोघे आज याच मांडवात बसले आहेत. कोण ते विचारू नका.

"उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते" असे आपल्याकडे म्हणतात. आमची विनंती एवढीच, की बारा वर्षे थांबू नका.

म्हणून या बैठकीपुढे तीन गोष्टी ठेवतो. पटल्या तर हात वर करा. प्रत्येक गावशाखेने मृगाआधी गावातले विहिरीकाठचे आणि नाल्याकाठचे उकिरडे मोजावे आणि हलवावे. ते सरपंचाच्या नोटिशीने नको, शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलून व्हावे. बाहेरचे कोंबडीखत ज्या गावात येते, तिथे ते नाल्याकाठी उतरवायचे नाही, असा ठराव ग्रामसभेत घ्यावा. आणि तिसरी गोष्ट सरकारकडे मागायची: मातीच्या तपासणीचा निकाल पेरणीच्या आधी हातात द्या, डीएपीच्या बॅगेसोबतची लिंकिंग बंद करा, आणि शहरांनी आपले सांडपाणी स्वच्छ करूनच नदीत सोडावे. हे मागायला उभे राहू तेव्हा आपला उकिरडा झाकलेला असला पाहिजे. मग आवाजाला जोर येतो.

आमचे बोलणे संपले. घरी गेल्यावर एक करा. पहिला पाऊस पडेल तेव्हा डोक्यावर घोंगडी घेऊन उकिरड्यापाशी उभे राहा आणि तपकिरी पाणी कोणत्या बाजूला जाते ते डोळ्यांनी बघा. ते ज्या बाजूला जाते, तिथे तुमची बॅग चालली आहे.